ऐंशी फुटांची लाट

दुकानदाराने फळीवरून काढून माझ्यापुढे जे टाकलं, ते मला आधी दोरखंड वाटलं. अंगठ्याएवढं जाड, ताठर, आणि अंगभर सुताचे आवळलेले वेढे. बैलगाडीला बांधलं असतं तर खपून गेलं असतं. "हे काय?" म्हटल्यावर तो म्हणाला, "साफा." माझ्या चेहऱ्यावरचा अविश्वास त्याला रोजचाच असणार. त्याने एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, सुताचं टोक शोधलं आणि ओढलं. सर्रकन सूत सुटत गेलं, दोरखंड फुगला, उलगडला, आणि मांडीवर मलमलीचा ढीग पडला. पिवळ्या, लाल, हिरव्या तिरक्या रेघा, एकामागून एक, किनाऱ्यावर लाटा याव्यात तशा.

जयपुरात बडी चौपडजवळ पुरोहितजी का कटला नावाचा बाजार आहे. लग्नाचं सामान घ्यायला शहर तिथे लोटतं, आणि नवरदेवाचं डोकं सजवायचं तर साफ्याला पर्याय नाही. मी कुणाच्या लग्नासाठी गेलो नव्हतो. पगडी मुळात आली कुठून, एवढंच कुतूहल होतं. पण त्या सुटलेल्या सुताने कुतूहलाची दिशाच बदलली. पगडीचा उगम आधी त्या दोरखंडातच शोधायला हवा असं वाटलं.

त्या रेघांच्या कापडाला लहरिया म्हणतात. लहर म्हणजे लाट, हे मराठी माणसाला सांगायला नको. आज लहरियाच्या साड्या, ओढण्या सगळीकडे दिसतात, पण ही रीत वाढली ती प्रामुख्याने पगडीच्या कापडावर. कसं करतात ते कळलं की चकित व्हायला होतं. तलम सुती कापड ओलसर करायचं आणि एका कोपऱ्यापासून तिरकं गुंडाळत जायचं. कापड लांबट असल्याने ते नागमोडी सरकत सरकत एका लांब दोरात जमा होतं. मग त्या दोरावर ठरावीक अंतराने सूत करकचून आवळायचं आणि सगळं रंगाच्या पातेल्यात बुडवायचं. जिथे सूत आहे तिथे रंग शिरत नाही. सोडलं की तिरक्या रेघा तयार.

घरी करून बघण्यासारखं आहे. कागदी रुमाल घ्या, कोपऱ्यापासून गुंडाळा, तीन-चार जागी शाईत बुडवलेल्या दोऱ्याने आवळा आणि शाई आतपर्यंत झिरपू द्या. उलगडल्यावर रेघा गुंडाळण्याच्या दिशेला बरोबर समांतर, रुमालाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेल्या दिसतील. आपण काढलं होतं गोल कडं, उमटली सरळ रेघ. भूमिती शिकवणाऱ्या बाईंनी हा प्रयोग आम्हाला सातवीत दाखवला असता तर माझं आणि भूमितीचं बरं जमलं असतं.

आता यात एक रंग नसून पाच असतील तर? रंगरेज एका रंगात बुडवून काढतो, त्या रंगाचे जेवढे पट्टे राखायचे तेवढे सुताने झाकतो, आधी झाकलेले काही मोकळे करतो, पुन्हा बुडवतो. प्रत्येक रंगाला हीच कसरत. पुढचा पट्टा कुठे येणार हे कापडावर लिहिलेलं नसतं, कारण कापड दिसतच नाही. दिसतो फक्त दोर. पाच रंगांच्या लहरियाला पंचरंग म्हणतात आणि तो शुभ समजतात.

याहून कठीण मोठडा. एकदा लहरिया झाला की कापड सोडायचं, वाळवायचं, आणि समोरच्या कोपऱ्यापासून उलट्या दिशेने गुंडाळून पुन्हा सगळं बांधायचं. दुसऱ्या रेघा पहिल्यांना छेदतात, चौकटींची जाळी होते आणि जाळीत मटकीच्या दाण्याएवढे ठिपके राहतात. राजस्थानात मटकीला मोठ म्हणतात, म्हणून हा मोठडा.

कापड मलमलच का, याचं उत्तरही दोरातच आहे. रंग सगळ्या थरांतून सर्वांत आतल्या वेढ्यापर्यंत पोचायला हवा. जाड कापडात तो बाहेरच अडेल आणि रेघ अर्ध्यात विरून जाईल. म्हणूनच अस्सल लहरियाला उलट-सुलट बाजू नसते, दोन्हीकडून तोच. बाजारात छापील लहरिया भरपूर मिळतो, निम्म्याहून कमी भावात. तो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, पालथा करून बघायचा. विक्रेतेही शहाणे. अस्सल माल अर्धा बांधलेलाच ठेवतात, एवढंसं टोक उलगडून. सूत हीच त्याची खूण.

दुकानदाराने तो साफा मग स्वतःच्या गुडघ्यावर बांधायला घेतला. उजवा गुडघा उभा, त्यावर कापड, आणि हात भराभर फिरू लागले. तिथे माझ्या ध्यानात आलं की हे कापड दुसऱ्यांदा गुंडाळलं जात होतं. रंगवायला एकदा पिळून दोर केला, घालायला पुन्हा पिळून दोर. तिरकी रेघ तिरक्या पिळावर चढली की प्रत्येक वेढ्यावर रंग थोडा सरकतो आणि डोक्यावर लाट फिरत गेल्यासारखी दिसते. सपाट अंथरलेला लहरिया सुंदर असतो, कबूल. पण तो अंथरण्यासाठी केलेलाच नाही.

इथे साफा आणि पगडी यांतला फरक सांगायला हवा, कारण आपण दोन्ही शब्द सैल वापरतो. राजस्थानी पाग किंवा पगडी म्हणजे सुमारे ऐंशी फूट लांब आणि फक्त आठेक इंच रुंद पट्टा. साफा त्याच्या निम्म्याहूनही कमी, तीसेक फूट, पण रुंदी जवळजवळ चार फूट. दरबारी चित्रांत दिसते ती बारीक पिळांची पाग. लग्नाच्या वरातीत दिसतो तो साफा, मागे पाठीवर लोंबणारा शेव असलेला.

ऐंशी फूट म्हणजे आठ मजली इमारतीची उंची. माणसाच्या डोक्याचा घेर साधारण छप्पन सेंटिमीटर, आणि वेढे चढतील तसा तो वाढत जातो. तेव्हा हिशेबाने तीस-पस्तीस वेढे होतात. एवढं सगळं डोक्यावर, आणि त्यात ना टाचणी, ना टाका, ना गाठ. शेवटचं टोक आत खोचलं की झालं. मग घोड्यावर बसलं, नाचलं, भांडलं, तरी ते सुटत का नाही?

याचं गणित होडी बांधणाऱ्याला हाताने ठाऊक असतं. खुंटाला दोराचा एक वेढा दिला तर होडी धरणं सोपं जातं, तीन दिले तर लहान मूलही धरू शकतं. घर्षण वेढ्यागणिक नुसतं वाढत नाही, पटीने वाढतं. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने आपल्या पकडीचं बळ सुमारे साडेसहा पट होतं, तीन वेढ्यांनी सुमारे दोनशे पंच्याऐंशी पट. डोकं काही खुंट नव्हे आणि पगडीला होडी ओढत नाही, पण तत्त्व तेच. बाहेरचा प्रत्येक वेढा आतल्याला दाबतो, आतला बाहेरच्याला सरकू देत नाही. खोचलेल्या टोकाला फार थोडं काम उरतं. कोरडं सुती कापड सुती कापडावर घसरतही कमी. रेशमी फेट्याला लग्नात पिना का लावाव्या लागतात, हे आता मला कळलं.

आणि हे सगळं डोक्यावर का वाहायचं? मे महिन्यात जयपूर चाळिशीच्या वर तापतं. कापडाच्या थरांत अडकलेली हवा ऊन आत येऊ देत नाही, सूत घाम शोषतं आणि तो वाळताना डोकं गार करतं. आयर्लंडच्या डोनेगॉलमध्ये माणसं लोकरीच्या ट्वीडची टोपी घालतात, तिथे शत्रू पावसाची भुरभुर आहे. मेंढीची लोकर तिथे, कापूस इथे. शिवाय टोपी टोपीच राहते. साफ्याचं तसं नाही. रात्री उशाला, जखमेला पट्टी, विहिरीत लोटा सोडायला दोर, पाणी गाळायला फडकं, थंडीत अंगावर. कुठेही न कापलेलं, न शिवलेलं कापड असल्याने ते कशातही बदलतं आणि सकाळी पुन्हा पगडी होतं.

आता उगमाकडे. जयपुरापासून उत्तरेला साधारण पंच्याऐंशी किलोमीटरवर बैराट आहे, महाभारतातलं विराटनगर म्हणतात ते. अशोकाचा लेख तिथे सापडला, बौद्ध स्तूपाचे अवशेषही. १९३६ च्या सुमारास दयाराम साहनी यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा एका मडक्यात चांदीची आहत नाणी मिळाली, आणि ती हाताने विणलेल्या सुती कापडात बांधलेली होती. एवढुसा तुकडा. तो पगडीचा होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण या मुलखात सूत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वापरात होतं आणि मौल्यवान वस्तू कापडात गुंडाळून ठेवायची सवय होती. डोकंही मौल्यवानच.

ग्रीक पुरावाही आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधू नदीने खाली गेला. त्याच्या टिपणांवरून एरियन या इतिहासकाराने लिहून ठेवलं की इथले लोक एक वस्त्र पोटरीच्या मध्यापर्यंत नेसतात आणि दुसरं थोडं खांद्यावर टाकून थोडं डोक्याभोवती गुंडाळतात. म्हणजे उपरणं आणि पगडी तेव्हा एकच होतं. त्याहून जुना आहे अथर्ववेद. त्यातल्या व्रात्यकांडात व्रात्याचं वर्णन येतं, आणि तिथे दिवसाला त्याचं उष्णीष म्हटलंय, रात्रीला केस. उष्णीष म्हणजे पगडी. काळ्या केसांवर पांढरी पगडी बांधावी तसा रात्रीवर दिवस चढतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याने पहाटे कुणालातरी पगडी बांधताना नक्की पाहिलं असेल.

पाहायचंच असेल तर मराठी वाचकाला जयपूर गाठायची गरज नाही. कार्ल्याच्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवरची दांपत्यं बघा. बायकांच्या अंगावर दागिने, आणि पुरुषांच्या डोक्यावर भरगच्च पागोटी, कपाळावर मोठा गोळा बांधलेली. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये भरहुतचे कठडे आहेत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. त्यात एका पटावर स्वर्गातले देव बुद्धाच्या केसांच्या जुडग्याचा उत्सव करताना दिसतात. सिद्धार्थाने घर सोडताना केस कापले आणि ते शिरोभूषणासकट आकाशात फेकले, अशी कथा आहे. राजपद सोडायचं म्हणजे आधी डोक्यावरचं उतरवायचं.

पुढचे हजारेक वर्षांचे टप्पे मी भरभर ओलांडतो. जयपुराच्या गोष्टीला रंग चढतो तो आमेरच्या राजा मानसिंहापासून. अकबराचा हा सेनापती. त्या काळच्या चित्रांत मोगल दरबारातल्या पगड्या आटोपशीर, घट्ट आणि जराशा एका बाजूला कललेल्या दिसतात. पुढे प्रत्येक राज्याने आपला पेच वेगळा केला. मेवाडात तर राजागणिक पद्धत बदलली आणि राजाच्याच नावाने ओळखली गेली, अमरशाही, भीमशाही अशी. चित्रावर तारीख नसेल तर जाणकार पगडीवरून काळ सांगतात.

मानसिंहाची देणगी म्हणजे पाच रंगांचं निशाण. काबूलच्या स्वारीत पाच अफगाण टोळ्यांना हरवून त्यांच्या झेंड्यांचे रंग त्याने आपल्या निशाणात घेतले, अशी जयपूरकरांची श्रद्धा आहे. त्याआधीच्या पांढऱ्या निशाणावर कचनाराचं झाड होतं, आणि त्याच झाडावरून जयपूरची नाणी झाडशाही म्हणवली गेली. सिटी पॅलेसवर आजही एका मोठ्या झेंड्याच्या वर छोटा पाव झेंडा फडकतो. एक आणि पाव, म्हणजे सवाई. १७२७ साली जयपूर वसवणाऱ्या दुसऱ्या जयसिंहाचा हा किताब. आपल्याकडे सवाई माधवरावांपासून सवाई गंधर्वांपर्यंत हा शब्द घरचाच आहे, पण तो झेंड्याने मोजून दाखवलेला मी इथेच पाहिला.

आणि हवामहाल! त्याचं चित्र आपण बिस्किटांच्या डब्यांपासून कॅलेंडरपर्यंत इतक्यांदा पाहिलेलं असतं की प्रत्यक्ष समोर उभं राहूनही दिसत नाही. सवाई प्रतापसिंहाने १७९९ मध्ये तो बांधवला, उस्ताद लालचंद यांच्या हातून. राजा कृष्णभक्त. महालाचा आकार कृष्णाच्या मुकुटासारखा आहे असं सांगतात, आणि एकदा ते कानावर पडलं की ९५३ झरोके बाजूला पडतात, दिसतं फक्त शिरोभूषण. शहराने रस्त्याच्या कडेला काढून ठेवलेलं.

पगडीवर रत्नांचा सरपेच लावायचे. फारसीत सर म्हणजे डोकं, पेच म्हणजे पीळ. मोगल दरबारात तो कुणीही लावायचा नसे, बादशहाकडून मिळालेला मान असे तो. जयपूरचे सरपेच बघायचे तर मागून. पुढे कुंदनात बसवलेली रत्नं झगमगतात, आणि मागच्या बाजूला, जी पगडीला चिकटून राहते, तिथे मीनाकारीची फुलं, लाल, हिरवी, पांढरी. ती बाजू मालकाला लावताना दिसणार आणि सेवकाला काढताना. बाकी कुणालाही नाही. तरी कारागिराने एक पाकळी चुकवलेली नसते.

सामान्य माणसाकडे सरपेच नव्हता, पण पंचांग होतं. श्रावणात लहरिया, कारण आभाळ भरतं आणि तीज येते. फाल्गुनात पांढऱ्यावर लाल, किंवा फुलापानांची छपाई. लग्नात मोठडा, नाहीतर केशरी. दसऱ्याला जरीची मदील. हा शेवटचा शब्द ऐकून मी थबकलो. आपल्याकडे जरीच्या फेट्याला मंदील म्हणतात! मूळ अरबी शब्द, एक फाटा राजस्थानात गेला, एक दख्खनेत आला, आणि दोन्हीकडे तो सोन्याच्या तारांनाच चिकटून राहिला. घरात कुणी गेलं की मात्र रंग उतरतात, डोक्यावर पांढरं येतं. बाराव्याला नातेवाईक जमतात आणि थोरल्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधतात. पगडी दस्तूर म्हणतात याला. वारसा हक्काचा कागद नंतर होतो, आधी कापड.

आपल्या पगडीने वेगळी वाट धरली. पुणेरी पगडी बांधत नाहीत, ती साच्यावर तयार होते, टाके घालून कायमची बसवलेली. उचलली, घातली, खुंटीला लावली. पुण्याच्या या पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जयपूरची पाग रोज मोडते आणि रोज होते, पुण्याची एकदाच होते. यावरून दोन्ही शहरांच्या स्वभावाबद्दल काही बोलायचा मोह होतोय, पण मी पुण्यातच राहतो. मुंबईकरांनी तर पगडीचं कापडही ठेवलं नाही, भाड्याच्या खोलीसाठी मोजलेल्या रकमेलाच पगडी म्हणू लागले.

शब्दांची सफर एवढ्यावर संपत नाही. पगडीच्या कापडाला फारसीत दुल्बंद म्हणत, तुर्कीत ते झालं तुल्बेंद, तिथून युरोपात टर्बन. याच तुर्की शब्दावरून एका फुलाला पगडीसारखं दिसतं म्हणून युरोपने ट्यूलिप म्हटलं. तुर्क स्वतः त्या फुलाला लाले म्हणतात, पगडीबिगडी नाही. अमेरिकेतला गुराखी गळ्यात बांधतो तो बँडाना आपल्या बांधणीचाच भाऊ, हिंदीतल्या बांधनू या शब्दावरून आलेला. आणि ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांच्या रुंद टोपीभोवती कापडाचा चुण्यांचा पट्टा असतो, त्याचं अधिकृत नाव पगरी. त्याला सात चुण्या, सहा राज्यांच्या सहा आणि प्रदेशांची एक. आपला ऐंशी फुटांचा पट्टा साहेबाने इथे उन्हातान्हात टोपीला गुंडाळला, त्याचा तो उरलेला तुकडा.

१८६६ मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानातल्या कापडांचे सातशे खरेखुरे तुकडे अठरा खंडांत चिकटवले, असे वीस संच केले आणि वाटले, बरेचसे ब्रिटनच्या गिरण्यांच्या शहरांना. इथल्या लोकांना काय आवडतं ते बघून तसंच विणावं आणि विकावं, हा हेतू. पगडीची कापडंही त्यात होती. पण आयताकृती तुकडा चिकटवून पगडी कशी कळणार? डोक्यावर चढेपर्यंत तिला आकारच नसतो.

त्या दुकानदाराने गुडघ्यावरचा साफा अलगद उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, कानामागून एकदा दाबला आणि आरसा पुढे केला. मी बरा दिसत होतो. पैसे देताना त्याने एकच बजावलं, "गाडीत मांडीवर ठेवा, सामानात कोंबू नका." मी पुण्यापर्यंत मांडीवरच ठेवला. स्टेशनवर उतरताना कुणाच्या तरी पिशवीचा बंद त्यात अडकला आणि एक वेढा सुटला. घरी येऊन मी तो वेढा नीट करायला गेलो आणि अर्ध्या तासात सगळे वेढे सुटले. गुडघ्यावर प्रयत्न केला, मुलाच्या डोक्यावर केला, पाण्याच्या माठावर केला. माठावर जरा जमला.

सध्या तो बाल्कनीत दोरीवर आहे, तीस फूट, तीन पदर करून. संध्याकाळी वारा सुटला की शेजारच्या काकू खिडकीत येऊन विचारतात, "अहो, ही साडी कुठून घेतलीत?"